सिझरनंतरचं दुखणं: पहिल्या खेपेचं आणि दुसऱ्या खेपेचं

राउंडवर आलेले डॉक्टर विचारतात, "दुखतंय का?" बाळंतीण म्हणते, "हो." कागदावर एक गोळी वाढते आणि राउंड पुढच्या खाटेकडे सरकतो. कुठे दुखतंय, कधी दुखतंय आणि काय केलं की दुखतंय, हे राहूनच जातं. सिझरनंतर एकच दुखणं नसतं. टाक्यांचं वेगळं, गर्भाशयाच्या कळांचं वेगळं, गॅसचं वेगळं, कमरेचं वेगळं, आणि एखादीचं डोकंही धरतं. प्रत्येकाचं घड्याळ निराळं आणि औषधही निराळं. गॅसने पोट फुगलेल्या बाईला जोरदार वेदनाशामक दिलं तर आतडी आणखी सुस्तावतात आणि दुखणं वाढतं. म्हणून आधी दुखणं ओळखायचं, मग गोळीकडे हात न्यायचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती, गोव्यातली ३९.५ टक्के. म्हणजे इथे गोव्यात पाचातल्या दोघींचं सिझर. साहजिकच दुसऱ्या सिझरच्या बायकाही वाड्यावाड्यावर आहेत, आणि "पहिल्या खेपेला असं नव्हतं हो" हे वाक्यही. ते बरोबर असतं. दुसऱ्या वेळचं दुखणं खरोखरच वेगळं असतं. मात्र जिथे वाटतं तिथे नाही.

पोटात कापतात काय

बहुतेक सिझरचा छेद ओटीपोटावर, केसांच्या रेषेजवळ आडवा असतो. त्वचा, चरबी, मग स्नायूंवरचं पांढरं चिवट आवरण, हे थर कापले जातात. त्याखालचे पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधल्या रेषेवर बाजूला सारतात. मग पोटाचं आतलं पातळ अस्तर, मूत्राशय खाली सरकवून गर्भाशयाचा खालचा भाग, आणि बाळ.

चिवट आवरण कापलेलं असल्यामुळे कूस बदलताना, उठताना, खोकताना, शिंकताना आणि हसताना कळ येते. निपचित पडल्यावर फारसं दुखत नसेल आणि हलल्यावरच चमक येत असेल, तर ते याच थराचं दुखणं. त्वचा आठवडा-दहा दिवसांत जुळते. हे आवरण मात्र ६ आठवड्यांनीही पूर्वीच्या साधारण अर्ध्याच ताकदीचं असतं, आणि वजन उचलू नका या सूचनेचं कारण तेच आहे.

छेद उभा असेल, म्हणजे बेंबीखालून सरळ, तर दुखणं थोडं जास्त आणि जास्त दिवस असतं.

पहिले चोवीस तास

मणक्यातल्या इंजेक्शनचा असर साधारण २ ते ४ तासांत उतरतो. पाय हलू लागले की समजायचं, आता टाके बोलू लागणार. सगळ्यात मोठी चूक इथेच होते: "अजून दुखत नाही, दुखलं की मागेन." दुखणं चढल्यावर दिलेल्या औषधाला ते खाली आणायला वेळ लागतो आणि डोसही जास्त लागतो. पाय पूर्ण जागे होण्याआधीच पहिलं वेदनाशामक सुरू झालेलं बरं. नातेवाइकांनी सिस्टरना एकच प्रश्न विचारावा: "पुढचा डोस किती वाजता?"

काही ठिकाणी भूलतज्ज्ञ मणक्याच्या इंजेक्शनमध्येच अगदी थोडं मॉर्फिन घालतात, १०० ते १५० मायक्रोग्रॅम. त्याने पहिले १२ ते २४ तास बरेच सुसह्य जातात. बदल्यात नाकाला, तोंडाला, अंगाला खाज सुटते आणि थोडी मळमळ होते. ही खाज ऍलर्जीची नसते आणि तिच्यावर औषध असतं. काही ठिकाणी पोटाच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंच्या थरात सुन्न करणारं इंजेक्शन देतात, किंवा टाके घालतानाच जखमेत तेच औषध सोडतात. यातलं काय मिळणार, हे ऑपरेशनच्या आधी विचारता येतं, आणि विचारावं. नंतर विचारून उपयोग नाही.

पहिल्यांदा उठणं

पायांची संवेदना आणि जोर पूर्ण परतला असेल, रक्तस्राव आणि रक्तदाब ठीक असेल, तर ६ ते ८ तासांनी उठता येतं. २४ तासांच्या पुढे ढकलू नये. पायांत रक्ताची गाठ होणं, गॅस अडकणं आणि छातीत कफ साचणं, तिन्ही पडून राहण्याने वाढतं. वेदनाशामक दिल्यावर अर्धा-पाऊण तासाने उठावं, जेवणानंतर लगेच नाही. पहिल्या वेळी सोबत दोघीजणी हव्यात आणि त्यातली एक सिस्टर असावी.

सरळ पाठीवरून उठून बसायचा प्रयत्न करू नका. नवरा हात धरून ओढतो, तो तर नकोच, कारण त्या ओढण्याने सगळा ताण टाक्यांवर येतो. आधी दोन्ही गुडघे एकेक करून वाकवा, तळवे गादीवर टेकवा. एक हात जखमेवर ठेवा, किंवा घडी घातलेली सुती साडी जखमेवर दाबून धरा. खांदे, कंबर आणि गुडघे एकदमच, लाकडाचा ओंडका लोळवावा तसे, कुशीवर वळवा. कुशीवर आलात की पाय खाटेच्या कडेवरून खाली सोडा. पायांचं वजन खाली जात असतानाच खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर दाबून धड वर रेटा. श्वास रोखू नका. उठताना तोंडाने सोडत राहा. बसल्यावर २-३ मिनिटं तसंच बसा, पावलं वर-खाली हलवा. गरगरलं किंवा कानांत शिट्टी वाजली तर परत आडवं व्हा, अर्ध्या तासाने पुन्हा.

उभं राहिल्यावर सगळ्या जणी पुढे वाकतात. टाके उसवतील अशी भीती असते. चांगले घातलेले टाके सरळ उभं राहण्याने उसवत नाहीत. वाकून चालण्याने मात्र तिसऱ्या दिवशी कंबर धरते आणि मग दोष मणक्याच्या इंजेक्शनवर जातो. आधी भिंतीला हात लावून पूर्ण सरळ व्हा, नजर समोर ठेवा, मग पाऊल टाका. पहिल्या फेरीला दहा-पंधरा पावलं पुरेत. दुसऱ्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी एक छोटी फेरी, जागेपणी.

खोकला-शिंक येणार असं वाटलं की गुडघे वाकवून उशी जखमेवर दोन्ही हातांनी घट्ट दाबा. खोकला दाबून धरू नका. "हा" असा श्वास जोरात बाहेर टाकला तरी कफ सुटतो आणि कमी दुखतं. दिवसातून चार-पाचदा मुद्दाम दहा-दहा खोल श्वास घ्या.

गोळ्या घड्याळाने

सिझरनंतरच्या दुखण्याचा पाया दोन औषधांवर उभा असतो: पॅरासिटामॉल, आणि सूज कमी करणारं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ऍसिक्लोफेनॅकपैकी एक. दोन्ही वेगवेगळ्या रस्त्यांनी काम करतात, म्हणून एकत्र दिली की एकट्या कुणापेक्षाही जास्त आराम पडतो. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक दुधात फार कमी उतरतात आणि स्तनपानात चालतात. "गोळीने दूध विषारी होतं" म्हणून कण्हत बसणाऱ्या बाईला पान्हाही नीट फुटत नाही. दुखण्याच्या ताणाने दूध उतरायचं थांबतं.

डॉक्टरांनी दोन्ही लिहून दिली असतील तर वेळापत्रक साधारण असं बसतं: पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम पहाटे ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ आणि रात्री १२ वाजता, डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम सकाळी ८, दुपारी ४ आणि रात्री १२ वाजता, काहीतरी खाऊन. मध्यरात्रीचा डोस बाळाच्या दुधासोबत जमतो. पहिले ३ ते ५ दिवस दुखो न दुखो घड्याळाने घ्या. मग आधी डायक्लोफेनॅकचे डोस कमी करा आणि पॅरासिटामॉल गरजेपुरतं ठेवा. पॅरासिटामॉल सगळं मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. वजन ५० किलोपेक्षा कमी किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा आणखी खाली येते, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्या. डायक्लोफेनॅकची मर्यादा दिवसाला १५० मिलिग्रॅम.

चूक होते ती जोडगोळीने. ऍसिक्लोफेनॅकच्या बहुतेक गोळ्यांत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच असतं. त्यासोबत घरातलं पॅरासिटामॉल वेगळं घेतलं तर बेरीज करायला हवी. आणि फार्मसीतून "अजून दुखतंय" म्हणून आयबुप्रोफेन आणलं, तर एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात. आराम दुप्पट होत नाही, पित्त आणि मूत्रपिंडावरचा भार वाढतो. पाकिटाच्या मागे औषधाचं नाव वाचा, पुढे छापलेलं कंपनीचं नाव नाही.

अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, प्लेटलेट कमी असणं, ऑपरेशनमध्ये फार रक्त जाणं, किंवा ऍस्पिरिनसारख्या गोळीने दमा उठणं, यातलं काही असेल तर डायक्लोफेनॅकच्या जातीचं औषध विचारल्याशिवाय नको. पावसाळ्यात ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर ती गोळी बंद, फक्त पॅरासिटामॉल, आणि तपासणी त्याच दिवशी.

ट्रामाडोल बऱ्याच ठिकाणी सर्रास देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये ट्रामाडोल आणि कोडीन स्तनपानाच्या काळात टाळा, असा इशारा दिला आहे, कारण काही बायकांच्या शरीरात त्यांचं रूपांतर फार वेगाने होतं आणि बाळ गुंगतं. दिलंच असेल तर कमीत कमी डोस, दोन-तीन दिवसच. बाळ दुधासाठी उठेनासं झालं, ढिलं पडलं, श्वास संथ वाटला तर थांबू नका, लगेच दवाखाना.

कळा: दुसऱ्या खेपेचा खरा फरक

बाळ छातीला लागतं, दोन-तीन मिनिटांत ओटीपोटात मुरडा येतो, पोट दगडासारखं होतं, मग सैल सुटतं. ही टाक्यांची कळ नाही. बाळ चोखू लागलं की ऑक्सिटोसिन सुटतं, आणि तेच गर्भाशयाला आवळतं. आयुर्वेदात याला मक्कल शूल म्हणतात. पहिल्या बाळंतपणानंतर गर्भाशय बहुतेक वेळ आवळलेलंच राहतं, म्हणून कळा पुसट असतात. एकदा ताणून झालेलं गर्भाशय मात्र सैल पडतं, पुन्हा जोरात आवळतं, पुन्हा सैल पडतं. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळा ठसठशीत येतात. इथे मोजणी बाळंतपणांची आहे, सिझरची नाही. पहिलं बाळंतपण साधं होऊन दुसरं सिझर झालेल्या बाईलाही त्या तितक्याच जोराने येतात.

या कळा पहिल्या दोन-तीन दिवसांत जोरात असतात आणि तिसऱ्या दिवसानंतर उतरतात. गर्भाशय आकसतंय आणि रक्तस्राव आटोक्यात येतोय, हा त्यांचा अर्थ. म्हणून त्या बंद पाडायच्या नसतात, सहन होतील इतक्या करायच्या असतात. पाजण्याच्या साधारण अर्धा तास आधी वेदनाशामकाची वेळ जुळवा. पाजायला बसण्याआधी लघवी करून या; भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलतं आणि ते धड आवळू शकत नाही. कळ आली की खांदे सैल सोडून संथ श्वास सोडा. पाजताना बाळाचे पाय जखमेवर येऊ देऊ नका: बाळ काखेखाली उशीवर, त्याचे पाय तुमच्या पाठीकडे, डोकं तळहातावर. किंवा कुशीवर पडून पाजा.

कळा चौथ्या-पाचव्या दिवशी कमी होण्याऐवजी वाढल्या, अंगावरून जाणाऱ्या रक्ताला घाण वास येऊ लागला, सोबत थंडी-ताप आला, तर तो गर्भाशयाचा संसर्ग असू शकतो. मग ते मक्कल शूल म्हणून घरी निभवायचं प्रकरण राहत नाही.

दुसऱ्या सिझरमध्ये आणखी काय बदलतं

त्वचेचं दुखणं साधारण तेवढंच. जुन्याच व्रणावर छेद घेतात, बऱ्याचदा जुना व्रण कापून काढतात. त्याच्या आसपासची त्वचा आधीच बधिर असेल तर टाके काही ठिकाणी दुखतच नाहीत आणि काही ठिकाणी सुई टोचल्यासारखे दुखतात.

आतली गोष्ट वेगळी. पहिल्या ऑपरेशननंतर गर्भाशय, मूत्राशय, आतड्यावरचं आवरण आणि पोटाची भिंत एकमेकांना चिकटू शकतात. प्रत्येक सिझरनंतर ही चिकटण वाढण्याची शक्यता असते. ती सोडवत जावं लागतं, म्हणून ऑपरेशनला वेळ जास्त लागतो, आतली हाताळणी जास्त होते, आणि नंतर आत कुठेतरी ओढल्यासारखं वाटत राहतं. मूत्राशय चिकटलेलं असेल तर लघवीची नळी काढल्यानंतर पहिल्या दिवशी लघवी भरली की ओटीपोट दुखतं. तेवढं चालतं. जळजळ, थेंबथेंब लघवी किंवा ताप मात्र नळीतून आलेल्या संसर्गाची खूण आहे.

तरीही पुष्कळ जणी सांगतात की दुसरं सिझर सोपं गेलं, आणि त्यातही खोटं काही नाही. पहिलं सिझर बारा-पंधरा तास वेणा काढून, उपाशीपोटी, घाईत झालेलं असतं. दुसरं तारीख ठरवून, झोप काढून. थकलेलं शरीर आणि घाबरलेलं मन दुखणं वाढवतात. शिवाय लांबलेल्या वेणांनंतरच्या सिझरमध्ये संसर्गाची शक्यताही जास्त असते. त्यामुळे तुलना पहिल्या-दुसऱ्याची करण्याआधी घाईच्या-ठरवलेल्याची करा.

पहिल्या खेपेला नसलेलं आणखी एक कारण घरातच असतं: दोन-तीन वर्षांचं मोठं पोर, जे आईला पाहून थेट पोटावर उडी घेतं. त्याला उचलू नका. तुम्ही आधी बसा, पोटावर उशी ठेवा, मग त्याला बाजूला चढू द्या. हे घरी पोचायच्या आधीच त्याला सांगून ठेवलेलं बरं, कारण तो क्षण दारातच येतो.

गॅस, खांदा, बद्धकोष्ठ

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं होतं. काही जणींना चक्क उजव्या खांद्याच्या टोकाशी दुखतं, आणि खांद्याला बाम चोळला जातो. पोटात उरलेली हवा आणि रक्त छाती-पोटामधल्या पडद्याला चिथावतं. त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून मेंदूला वाटतं खांदा दुखतोय. एक-दोन दिवसांत ओसरतं. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर मात्र गॅस म्हणून सोडून देऊ नका.

गॅसवर उत्तम औषध चालणं. डाव्या कुशीवर गुडघे पोटाकडे घेऊन पडल्यानेही मोकळं होतं. साखर नसलेलं च्युइंगगम दिवसातून तीनदा १५ ते ३० मिनिटं चघळल्याने आतडी लवकर जागी होतात, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. म्हाताऱ्यांना हे विचित्र वाटतं, पण स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. खायला आधी उकड्या तांदळाची पातळ पेज, मग मऊ भात-वरण, नाचणीचं तिजण, म्हणजे खिरीसारखी पेज. डिंक-मेथीचे तुपाळ लाडू पोट साफ होईपर्यंत थांबू शकतात.

शौचाला तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत होतं. लोहाच्या गोळ्यांनी खडा होतो आणि कुंथताना जखमेवर ताण येतो. इसबगोल एक-दोन चमचे भरपूर पाण्यात, किंवा डॉक्टरांनी दिलेलं लॅक्टुलोज, दुसऱ्या दिवसापासूनच. घरात भारतीय पद्धतीचाच संडास असेल तर पहिले दोन-तीन आठवडे त्यावर ठेवायची प्लास्टिकची कमोड खुर्ची आणून ठेवा. उकिडवं बसण्यापेक्षा उकिडव्यातून उठणं जास्त दुखतं.

डोकं आणि कंबर

उठून बसलं की कपाळ आणि मान फुटते, आडवं झालं की पाच-दहा मिनिटांत थांबतं: हे मणक्याच्या इंजेक्शनच्या भोकातून पाणी झिरपल्याचं डोकं, बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत सुरू होणारं. पाणी, कॉफी, वेदनाशामक आणि आराम याने बहुतेकींचं जातं. नाही गेलं तर बाईचंच थोडं रक्त काढून मणक्याजवळ सोडतात, आणि भोक बुजतं. "उशी घेतली म्हणून डोकं दुखलं" याला आधार नाही.

आडवं झाल्यावरही न थांबणारं डोकं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली दुखणं, हे वाढलेल्या रक्तदाबाचं असू शकतं. बाळंतपणानंतर ६ आठवड्यांपर्यंत, गरोदरपणी दाब नॉर्मल असलेल्या बाईलाही. लगेच दाब मोजा. १४०/९० च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. १६०/११० असेल तर थेट दवाखाना.

"त्या सुईने माझी कंबर गेली" हे गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत ऐकू येतं. सुईच्या जागी दोन-चार दिवस हुळहुळतं, एवढंच. वर्षानुवर्षांची कंबर त्या सुईने दुखत नाही. ती वाकून पाजण्याने, ढिल्या पडलेल्या पोटाच्या स्नायूंनी आणि खालच्या बसक्या पलंगाने दुखते. बाळाला छातीपर्यंत वर आणा, छाती बाळाकडे खाली नेऊ नका. मांडीवर दोन उशा, पाठीला टेका, पायाखाली पाट.

घरी, आणि पावसात

दवाखान्यातून घरी दुचाकीवरून जाऊ नका, मागे बसूनही नको. गाडीत सीटबेल्ट लावायचाच. त्याचा खालचा पट्टा आणि जखम यांमध्ये घडी घातलेला टॉवेल ठेवा, आणि चालकाला गतिरोधकाआधी सांगायला लावा.

पोटाचा पट्टा चालताना आधार देतो, एवढंच त्याचं काम. त्याने पोट आत जात नाही. उठताना-चालताना बांधा, पडल्यावर आणि झोपताना सोडा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत. आपल्या दमट हवेत चोवीस तास बांधलेल्या पट्ट्याखाली घाम साचतो, घामोळं आणि गजकर्ण होतं, आणि जखमेची कड ओली राहून उघडते. पोटाची वळकटी जखमेवर येत असेल तर दिवसातून तीनदा १०-१५ मिनिटं पाठीवर पडून, वळकटी हाताने वर धरून, जखमेला हवा द्या. आंघोळीनंतर मऊ सुती कापडाने टिपा, घासू नका. जून ते सप्टेंबर आतले कपडे दोरीवर नीट सुकत नाहीत. इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करूनच घाला, आणि इलॅस्टिक जखमेवर नाही, बेंबीपाशी येईल असे घ्या.

न्हाण्याला हरकत नाही. कढत पाण्याचे तांबे पोटावर फेकायला आहे. व्रणाभोवतीची त्वचा काही महिने बधिर असते. गरम पाण्याची पिशवी, शेक किंवा वाफ तिथे भाजते आणि बाईला कळतही नाही, फोड आल्यावर दिसतं. शेक द्यायचा तर कमरेला, किंवा कळांसाठी बेंबीच्या बाजूला, आणि आधी सोबतीणीच्या मनगटावर तपासून. मालीशवाल्या बाईला सांगून ठेवा: पाठ, खांदे, हात चालतील, पोट ६ आठवडे नाही. एका पोटरीत सूज, दुखणं किंवा ऊब असेल तर ती पोटरी अजिबात चोळू नये. तिथे रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बंद खोलीत निखाऱ्यांची धुरी बाळाला आणि आईला दोघांनाही घातक. फेणी चोळायची तर दुखऱ्या गुडघ्याला, जखमेजवळ नाही.

वजनाचं माप: पहिले ६ आठवडे बाळाइतकं, म्हणजे तीन-चार किलो. भरलेली बादली १५ किलोच्या आसपास भरते. विहिरीचं पाणी ओढणं, भरलेला कुकर कट्ट्यावरून उतरवणं, गॅस सिलिंडर सरकवणं यातलं काहीही या मापात बसत नाही. गाडी किंवा स्कूटर चालवायची तर अचानक ब्रेक दाबताना पोट न दुखणं ही कसोटी, साधारण ४ ते ६ आठवडे.

कधी थांबायचं नाही

साधारण वाटचाल अशी: पहिले तीन दिवस कठीण, आठवड्याने बरंच हलकं, दोन आठवड्यांनी घरात सहज वावर, ६ आठवड्यांनी उरली तर क्वचित चमक. उतरत आलेलं दुखणं पुन्हा चढू लागलं, तर ते कितीही थोडं असो, तपासून घ्या. जखम लाल, गरम, टणक होणं, पू किंवा पाणी येणं, १००.४ अंशांच्या वर ताप, तासाला एक पॅड असं दोन तास भिजणं, धाप किंवा छातीत दुखणं, एकाच पायाला सूज, फिट येणं. यातल्या रक्तस्राव, धाप आणि फिटसाठी सरळ १०८ लावा. बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय किंवा म्हापसा-मडगावची जिल्हा इस्पितळं, जे जवळ ते.

महिन्यांनंतरही राहिलेलं

सिझरनंतर तीन महिन्यांनीही थोडंफार दुखणं उरणाऱ्या बायका साधारण दहात एक, किंवा किंचित जास्त. बहुतेकींचं सौम्य असतं. व्रण पूर्ण भरल्यावर, ६ आठवड्यांनंतर, खोबरेल तेलाच्या दोन थेंबांनी दिवसातून दोनदा दोन-तीन मिनिटं बोटाने त्वचा आडवी, उभी आणि गोल सरकवा. चिकटलेला व्रण सैल होतो. व्रणाच्या एकाच टोकाशी विजेसारखी सणक येत असेल तर तिथली बारीक नस अडकलेली असू शकते. त्यावर साधी गोळी फार चालत नाही, सुन्न करणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग होतो. पाळीच्या दिवसांत व्रणातली गाठ सुजून दुखत असेल तर गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी तिथे रुजल्याची शंका घ्यावी. खोकताना व्रणापाशी फुगा येत असेल तर हर्निया. गाठ आणि हर्निया या दोन्हींची शंका सोनोग्राफीच्या वेळी सांगितली तर शोधणं सोपं जातं, न सांगता गेलात तर सुटतात.

पुढचं बाळ हवं असेल तर पुन्हा दिवस राहण्याआधी दीड-दोन वर्षं जाऊ द्या. त्या गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत व्रणापाशी एकाच जागी सतत दुखू लागलं, वेणा नसतानाही, तर वाट पाहू नका.

दवाखाना सोडताना डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची नोंद मागून घ्या: गर्भाशयावरचा छेद आडवा की उभा, चिकटण होती का, मूत्राशय कुठे होतं, कुठली भूल दिली, कोणत्या औषधाने खाज, उलटी किंवा डोकेदुखी झाली. खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहा: सगळ्यात जास्त कधी दुखलं आणि कशाने थांबलं. पुढच्या खेपेला भूलतज्ज्ञाला हे चार शब्द सगळ्या रिपोर्टांपेक्षा जास्त सांगतात. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घाला आणि मोबाइलवर फोटो काढून नवऱ्याच्या फोनवरही पाठवून ठेवा. दोन पावसाळ्यांत गोदरेजच्या कपाटातही शाई पसरते.